एकटीची पहिली फेरी

कॅप्टन पेठे विमानातून उतरले, दार ओढून घेतलं, त्यावर दोनदा थाप मारली आणि मागे वळून न बघता गवतातून चालायला लागले. मी कुंपणाबाहेर बाभळीखाली मोटरसायकल लावून उभा होतो. विमानात आता एकच डोकं दिसत होतं, आणि ते माझ्या बहिणीचं होतं.

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत एक रीत होती. पहिल्यांदा एकट्यानं उडायचा दिवस कुणालाही आधी सांगायचा नाही. सर शेजारी बसून दोन-तीन फेऱ्या मारून घेणार आणि मग सहज सांगावं तसं सांगणार, थांब, मी उतरतो. घाबरायला वेळच द्यायचा नाही, हा हिशेब. पण ही लपवाछपवी काही टिकत नसे. कारण उतरल्यावर त्या विद्यार्थ्याला पाण्यानं आंघोळ घालायचीही रीत होती, आणि त्या बादल्या कुणाला तरी सकाळीच भराव्या लागत. रुचिकाचा फोन सातलाच आला होता, दबक्या आवाजात.

"दादा, हँगरपाशी तीन बादल्या भरून ठेवल्या. आज दुसऱ्या कोणाचा नंबर नाई. माहाच हाय."

"मंग आईले घेऊन येतो."

"ये. पण तुहं ते उडतं खेळणं आणू नको. शपथ हाय तुले."

"कोणाची?"

"माही."

ती शपथ मी हसण्यावारी नेली.

मी प्रफुल काळबांडे. तेव्हा मी लग्नांचे व्हिडिओ काढायचो. आमच्या तालुक्यात माझ्या ड्रोनखेरीज वरमाला पडत नसे असं म्हटलं तर फार फुशारकी होणार नाही. ढेरपोटा नवरदेव मी वरून असा काही दाखवायचो की त्याची आईसुद्धा विचारायची, हा आपलाच पिंट्या का? बाबा एसटीत मेकॅनिक होते, ते लवकर गेले. त्यानंतर रुचिकाचं पायलट व्हायचं खूळ घरात फक्त मी मनावर घेतलं. आई म्हणायची, पोरगी जमिनीवर तरी कुठं धड चालते, हजार ठेचा खाते. मी म्हणायचो, म्हणूनच तिला वर पाठवू.

गावाबाहेरची धावपट्टी सरकारनं कधीकाळी बांधली आणि विसरून गेलं. बरीच वर्षं तिथं लोक मिरच्या वाळवत. मग ही शाळा आली, दोन लहान विमानं आली, आणि रुचिका तिथली आमच्या तालुक्यातली पहिली विद्यार्थिनी झाली. संध्याकाळी ती अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसायची, हातात दांडा म्हणून लाटणं, आणि तोंडानं सगळी उजळणी करायची. मी ओसरीवर लॅपटॉपवर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ कापत बसलेलो असायचो. मधूनच तिच्यावर संकटं सोडायचं काम माझं.

"इंजिन बंद!" मी ओरडायचो. ती पटापट उत्तर द्यायची. "पक्षी!" त्याचंही उत्तर तयार.

"ड्रोन!"

"कुठं?"

"समोर. खाली."

"पहिले विमान उडवायचं, मंग ड्रोनकडं पाहायचं. पूर्ण पावर, नाक वर. ड्रोन खालचा जीव हाय दादा, तो वर येत नाई, आपणच त्याच्या डोक्यावरून निघून जायचं. मंग रेडिओवर सांगायचं."

"आन् आदळलाच तर?"

"वेग सोडायचा नाई. काच फुटली तर डोकं खाली घ्यायचं, वारा चुकवायचा. काय तुटलं ते पाहायचं. पंखाले लागलं असन तर पंखामागच्या झडपेले, फ्लॅपले, हात लावायचा नाई. सपाट, लांब उतरायचं."

"आन् त्या ड्रोनवाल्याचं काय करायचं?"

"त्याच्या कानाखाली ओढायची," असं म्हणून ती लाटणं उगारायची, आणि आई आतून ओरडायची की ते लाटणं इकडे द्या, पोळ्या राहिल्यात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं माझ्या वतीनं कुणी म्हणू नये.

मग मी ड्रोन का नेला? सरळ उत्तर आहे. तालुक्यातल्या शेकडो पोरींचा मोठा दिवस मी आकाशातून टिपला होता, आणि माझ्या बहिणीचा दिवस मी मोबाइलवर कुंपणाच्या जाळीतून काढावा, हे मला सहन होईना. मी मनातल्या मनात बरीच वकिली केली. कुंपणाबाहेर उभा राहीन. बाभळीपेक्षा उंच नेणार नाही. मोठ्या विमानतळांच्या आसपास माझा ड्रोन जागचा हलत नसे, त्याच्या नकाशात ती जागा लाल दिसे. आमची धावपट्टी त्या नकाशात नव्हतीच. तो मुकाट्यानं उडाला, आणि उडाला म्हणजे चालतं, असा सोयीचा अर्थ मी काढून घेतला. आईला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं, गाडी सावलीत लावून येतो म्हणालो आणि बाहेरून वळसा घालून धावपट्टीच्या टोकाला आलो.

रुचिकानं इंजिनाचा जोर वाढवला. ते पांढरं विमान आधी हळूहळू, मग धावत सुटलं, आणि पट्टीच्या मध्याच्या जरा पुढं चाकांनी जमीन सोडली. मी बाजूनं, ड्रोन बाभळीच्या आड ठेवून तो सगळा शॉट घेतला. माझ्या आयुष्यात मी काढलेला सर्वांत चांगला शॉट तो. मी रडत होतो. बाबा असते तर त्यांनी नुसतं इंजिनच ऐकलं असतं आणि सांगितलं असतं, ठीक चाललंय.

पहिल्या वेळी एकच फेरी मारायची असते. वर जायचं, डावीकडे वळत वळत धावपट्टीला चौकोनी वळसा घालायचा आणि उतरायचं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. ती चौकोनाच्या लांबच्या बाजूला गेली तेव्हा विमान कपाशीच्या शेतांवर माशीएवढं दिसत होतं. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. ड्रोन उतरवून, बॅगेत घालून, व्हरांड्यात आईशेजारी जाऊन बसायला हवं होतं.

पण आमच्या धंद्याचं एक सूत्र आहे. नवरी मंडपात येते तो शॉट समोरूनच घ्यायचा. बाजूनं घेतलेला कुणी बघत नाही, आणि तो चुकला तर लग्नाचा आख्खा व्हिडिओ चुकला. रुचिका उतरायला वळली आणि माझ्यातला लग्नवाला जागा झाला. मी ड्रोन बाभळीमागून काढला आणि धावपट्टीच्या टोकाबाहेर, तिच्या अगदी समोर नेऊन धरला. उंची बारा मीटर. ती वरून जाईल, मी खालून विमानाचं पोट टिपीन आणि तिच्यामागून कॅमेरा वळवीन. मनात पूर्ण शॉट कापून तयार होता.

हातातल्या रिमोटच्या पडद्यावर विमान मोठं होत होतं. एकाएकी इंजिन गर्जलं आणि विमानाचं नाक वर उठलं.

तिनं ड्रोन पाहिला होता. उतरायचं सोडून ती वर निघाली होती, लाटणं धरून शंभरदा म्हटलं तसंच. ड्रोन हटवायचा, लगेच हटवायचा, एवढं एकच डोक्यात. आमच्याकडे काहीही बिनसलं, वारा आला, पोरांनी दगड मारला, बॅटरी उतरली, की अंगठा आपोआप एकाच बटणावर जातो, ड्रोनला परत बोलावणाऱ्या. त्याला आम्ही होम म्हणतो. मी ते दाबलं आणि नजर विमानावर ठेवली.

दहा श्वास गेले असतील. मग ओट्यावर काचेची बरणी फुटावी तसा आवाज आला, आणि माझ्या हातातला पडदा काळा झाला.

विमान डाव्या अंगाला कललं. मी ओरडलो. ते तसंच कलून राहिलं, आणि मग, कुणीतरी खांद्याला धरून उभं करावं तसं, हळूहळू सरळ झालं.

कुंपणाला शेळ्यांनी पाडलेलं एक भगदाड होतं. त्यातून मी आत कसा शिरलो मला आठवत नाही. शर्ट फाटला होता हे नंतर कळलं. कॅप्टन पेठे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीपाशी हातात वॉकीटॉकी घेऊन उभे होते. साठीचे, बुटके, पुण्याकडचे गृहस्थ. रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं असा त्यांचा दंडक होता, चुकून मराठी बोलणाऱ्याला ते उठाबशा काढायला लावत. ते मराठीत बोलत होते.

"रुचिका, ऐकू येतंय? फक्त विमान उडव. बाकी काही करू नकोस."

वाऱ्याचा नुसता भणभणाट आला. मग तिचा आवाज. "सर, काच फुटली. उजव्या डोळ्याला लागलं. दिसत नाही."

"डाव्यानं?"

"रक्त येतंय. पुसलं की दिसतं."

"पुसत राहा. वेग किती?"

"पासष्ट."

"तोच ठेव. डोकं खाली घे, वारा तोंडावर घेऊ नकोस. इंजिन थरथरतंय?"

"नाही सर."

"पंख बघ. आधी डावा. मग मान वळवून उजवा."

कॅप्टननी वॉकीटॉकी कानाशी घट्ट धरला. "उजव्या पंखावर कायतरी लागलेलं दिसतंय, सर. मधेच. खड्डा पडलाय."

"उडतंय ना नीट? मग राहू दे खड्डा. फ्लॅपला हात लावायचा नाही. मोठा वळसा घे, घाई नाही, आभाळ सगळं तुझं आहे. लांबून सपाट ये."

"सर, मी वर गेले होते."

"माहीत आहे मला. मी पाहिलं."

"मी लगेच वर गेले होते, सर."

"रुचिका, ते नंतर. आत्ता विमान उडव."

ती वळसा घेत होती. शाळेतली पोरं धावत आली होती, कुणी रुग्णवाहिकेला फोन करत होतं. आई व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती, डोळ्यांवर हात धरून, तिला अजून काही उमगलं नव्हतं. तिला वाटत होतं पोरगी एक फेरी जास्तीची मारतेय. मी कॅप्टनच्या मागे उभा होतो आणि माझ्या हातात तो रिमोट होता. कुणीही माझ्या हाताकडे पाहिलं नाही. मी तो शर्टाखाली, पोटाशी खोचला.

ती समोरून आली तेव्हा मला आधी पंख दिसले, मग काचेच्या जागी काळं भगदाड.

"सर, जमीन किती खाली आहे ते कळत नाही. एका डोळ्यानं कळत नाही."

"मी सांगतो. माझे दोन्ही शाबूत आहेत. तू फक्त समोर बघ." कॅप्टन धावपट्टीच्या कडेला गुडघ्यांवर बसले, अगदी गाल जमिनीला लागेल असे वाकले, आणि तिथून मोजायला लागले. "चाळीस फूट. छान. तीस. तसंच येऊ दे. वीस. पावर कमी कर, हळू. दहा. नाक धर. धर. धरून ठेव. पाच. धर बाळा, धर."

चाकं टेकली. एकदा उसळली, पुन्हा टेकली आणि टिकली. विमान पट्टीवरून सरळ धावत गेलं आणि थांबलं, पंखा बंद झाला. ज्या पोरांनी तीन बादल्या तिच्या अंगावर ओतायला भरल्या होत्या त्यांनी त्याच पाण्यानं तिचा चेहरा धुतला. तिला खाली घेतलं तेव्हा ती कॅप्टनचा हात सोडत नव्हती. मला पाहून म्हणाली, "दादा, आईले इकडं येऊ नको देऊ." त्या अवस्थेतही ती आईला सांभाळत होती.

नागपूरच्या इस्पितळात तिचा जीव वाचला. डोळा वाचला नाही. एका डोळ्याच्या माणसाला वैमानिकाची तब्येत तपासणारे डॉक्टर सहसा पुढं जाऊ देत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं ते पुस्तकात वाचलं होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन अर्धा तास झाला असेल, तिनं विचारलं, "तो ड्रोन खाली होता ना दादा?"

"कोणता?" मी म्हणालो. केवढा निर्लज्ज प्रश्न.

"खालीच होता. झाडाच्या उंचीवर. मी पाहिला, पावर दिली, वर गेली. मंग तो वर कसा आला?"

"माहीत नाई."

"म्हंजे मले उशीर झाला असन. मले वाटलं मी लगेच गेली, पण नसन गेली. घाबरली असन मी."

मी तिच्या पायांवर पांघरूण सारखं करत बसलो.

दरम्यान मी काय केलं होतं तेही सांगतो. तिला रुग्णवाहिकेत घातल्यावर, मी मागून गाडीनं येतो असं म्हणून आधी ड्रोन पडला होता त्या तुरीच्या शेतात गेलो होतो. ड्रोनचे सापडले तेवढे तुकडे बॅगेत भरले होते. पोलिसांनी तालुक्यातल्या सगळ्या ड्रोनवाल्यांना विचारलं, मलाही विचारलं. माझा दुरुस्तीला दिलाय, म्हणालो. ज्याची बहीण आत पडली आहे त्याला कोण जास्त विचारतं? त्यांनी उलट माझी पाठ थोपटली.

आईनं मात्र ती बॅग पाहिली होती. इस्पितळाच्या जिन्यात तिनं मला गाठलं.

"तुहाच होता ना रे?"

मी हो म्हणून मान हलवली. ती पायरीवर बसली. बराच वेळ पदराचा बोळा तोंडात धरून बसली.

"आई, मी तिले सांगून टाकतो."

"नको," ती म्हणाली. "पोरीचा डोया गेला. आता पोराले जेलात पाठवू काय? मले एका दिवसात दोघं नको गमवायले लावू, बाप्पा. तुह्या पाया पडतो."

आईनं पायाला हात लावायच्या आत मी तिचे हात धरले. हे मी आईवर ढकलत नाही. तिनं सांगितलं ते मला हवंच होतं. मी ते एखाद्या औषधासारखं घेतलं आणि रोज घेत राहिलो.

रोज मी रुचिकाच्या पलंगाशेजारी त्या लोखंडी खुर्चीवर बसायचो. मोसंबीचा रस चमच्यानं पाजायचो. ती एका डोळ्यानं छताकडे बघत तीच फेरी पुन्हा पुन्हा उडवायची. आधी ती म्हणायची, मला उशीर झाला असेल. आठवड्याभरानं म्हणायला लागली, मला उशीर झाला. मग एक दिवस म्हणाली, "काच फुटली ते बरंच झालं. एवढ्या संथ पोरीनं उद्या माणसं घेऊन उडायचं म्हंजे लोकांच्या जिवाशी खेळ. तू उगाच मले डोक्यावर चढवून ठेवलं होतं दादा." ती हे चिडून म्हणत नव्हती, शांतपणे म्हणत होती. माझी बहीण माझ्या डोळ्यांसमोर स्वतःला लहान लहान करत चालली होती आणि मी चमचा पुढं करत होतो.

विसाव्या दिवशी कॅप्टन पेठे भेटायला आले. दाढी वाढलेली. ते पलंगाजवळ उभेच राहिले.

"माझं चुकलं, रुचिका," ते म्हणाले. "मी लवकर उतरलो. अजून चार-पाच फेऱ्या तुझ्याबरोबर मारायला हव्या होत्या. मी चौकशी करणाऱ्यांना तसं लिहून दिलंय. विद्यार्थिनीनं प्रतिसाद द्यायला उशीर केला, आणि तिला एकटी पाठवणं ही माझी चूक. शाळाही मी सोडतोय."

"तुमचं नाही चुकलं, सर," ती म्हणाली. "माझंच."

दोघंही एकमेकांची क्षमा मागत होते. त्यांनी दोघांनी सगळं बरोबर केलं होतं. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. कॅप्टन गेल्यावर दार लावलं आणि सांगितलं.

होमचं बटण दाबलं की ड्रोन सरळ परत येत नाही. आधी तो उभा वर चढतो, ठरवून ठेवलेल्या उंचीपर्यंत, आणि मग घराकडे वळतो. वाटेत झाड लागू नये, तार लागू नये, म्हणून. लग्नाच्या लॉनभोवती चिंचा असतात, मोबाइलचे टॉवर असतात, त्यामुळे आम्ही लग्नवाले ती उंची साठ मीटर ठेवतो आणि विसरून जातो. त्या दिवशीही साठच होती. ड्रोन बारा मीटरवर आपल्या जागी तरंगत राहिला असता, मी काहीही केलं नसतं, नुसता मूर्खासारखा बघत उभा राहिलो असतो, तर रुचिका त्याच्यावरून निघून गेली असती. ती वर जात होती, आणि मी त्याला तिच्यामागे वर पाठवला.

मी संपवल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे मी वेळेवर वर गेली होती?"

"हो."

"परत सांग."

"तू वेळेवर वर गेली होती. तुहं काहीच चुकलं नाई."

"परत सांग."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं, पट्टीखालच्या बाजूनंही काही ओघळलं, आणि वीस दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा माझ्या ओळखीचा दिसला. मला वाटलं सुटलो. मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो पांघरुणात घेतला.

"आज किती दिवस झाले?"

"वीस."

"वीस दिवस तू ह्याच खुर्चीवर बसला होता."

"रुची, आई म्हणे की—"

"आईचं नको सांगू मले." ती थांबली. तिला धाप लागली होती. "तू ड्रोन आणला, ते मी माफ केलं असतं दादा. घाबरून बटण दाबलं, तेही केलं असतं. तुहा जीव माह्यासाठीच तुटला असन. डोया तं कशानंही जाऊ शकते. पण मी माह्या नजरेतून उतरत होती, रोज, तुह्यासमोर. आन् तू मले रस पाजत होता."

मी चमचा उचलून पेल्यात ठेवला.

"सर पण मेले असते ह्या दुःखानं," ती म्हणाली. "आता आईले आत पाठव. आन् तू घरी जाय."

मी घरी गेलो नाही, पोलीस ठाण्यात गेलो. तुकड्यांची बॅग टेबलावर ठेवली आणि सगळं लिहून दिलं. कॅप्टनांनाही पत्र पाठवलं. चौकशीच्या कागदांत तिच्या नावापुढं लिहिलेलं ते वाक्य खोडलं गेलं, वैमानिकानं योग्य कृती केली असं आलं. ते पान मी तिला पाठवलं. माझ्यावर खटला झाला, शिक्षा झाली, ती मी भोगली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

याला सात वर्षं झाली. ती नाशिककडे असते, पायलट होऊ पाहणाऱ्या पोरांचे वर्ग घेते. जमिनीवरचे. आईला भेटायला येते तेव्हा आई मला दोन दिवस आधी सांगते, आणि मी त्या दिवसांपुरतं अकोल्याला काम काढतो. लग्नं मी सोडली. बाजारात माझं लहानसं दुकान आहे, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स.

गेल्या महिन्यात एक मुलगी फोटो काढायला आली. पायलटच्या अर्जासाठी हवेत, म्हणाली. सुट्टीत मामाकडे आली होती. कुठं शिकतेस विचारलं तर तिनं रुचिकाच्या क्लासचं नाव घेतलं. मी कॅमेऱ्याची उंची उगाच खालीवर करत राहिलो.

"कशा आहेत मॅडम?"

"खूप कडक. पण ड्रोनचा तास घेतात ना, तो कुणी चुकवत नाही."

"काय सांगतात?"

"सांगतात की ड्रोन खाली दिसला तर वर जा, पण तो खालीच राहील असं धरून चालू नका. कारण ज्याच्या हातात तो आहे तोही घाबरलेला असतो. तो घाबरून परत बोलवायचं बटण दाबतो आणि ड्रोन सरळ तुमच्याकडे वर येतो. म्हणून नुसतं वर जायचं नाही, बाजूलाही वळायचं. त्यांचं स्वतःचं तसंच झालं होतं. त्यात डोळा गेला त्यांचा."

"मग तो माणूस," मी विचारलं, "तो कोण होता, काही सांगतात?"

"आम्ही पण विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "ओळखीचा नव्हता म्हणाल्या."

मी तिला हनुवटी जरा वर घ्यायला सांगितलं आणि फोटो काढला.